शिंप्याच्या दारातली रिकामी खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुंटी आहे. सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केले आणि एका शिंप्याने दुकानाच्या दाराबाहेर ठोकले. मला वाटले, आता नवेकोरे कपडे अंगावर मिरवायचे. कसले काय!

समोरच्याच दुकानात शिंप्याचा धाकटा भाऊ शिवणकाम करायचा. दोघेही वडिलांच्या हाताखाली शिकलेले, पण वाटण्या झाल्या आणि बोलणे तुटले. धाकट्याचे एखादे काम फसले की गिऱ्हाईक ते दुरुस्तीला आमच्याकडे आणी. माझा मालक तो कपडा उसवण्याआधी आठवडाभर माझ्यावर टांगून ठेवी. वाकडी कॉलर, आखूड बाही, सगळे भर रस्त्यात. "बघा, समोरच्यांची कारागिरी," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून तो मोठ्याने हसे. धाकटा मान खाली घालून मशीन चालवत राही, आणि मी कानकोंडी होई. एवढी वर्दळ, पण माझ्याकडे मायेने कुणी पाहत नसे. मी मनातून अगदी एकटी पडले होते.

एकदा धाकट्याने शिवलेला कोट आला. त्याचे फक्त एक बटण निघाले होते. मालकाने कोट उलटासुलटा करून पाहिला. नाव ठेवायला जागा सापडेना. तरी सवयीने त्याने तो माझ्यावर अडकवलाच.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ थांबले. "काय खांदा बसवलाय हो! तुमच्याच हातचा ना?"

नुसते "हो" म्हटले असते तरी भागले असते. समोरचे मशीन थांबले होते.

"नाही," मालक म्हणाला, "माझ्या धाकट्यानं शिवलाय. मला असा खांदा अजून जमत नाही."

बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. त्याला हसताना मी पुष्कळदा पाहिले होते, आनंदात मात्र पहिल्यांदाच पाहिले.

धाकटा रस्ता ओलांडून आला. "दादा, बाबांनी खांदा शिकवला तेव्हा तू तापानं पडला होतास. चल आत, दाखवतो."

तेव्हापासून फसलेले कपडे गुपचूप आत जातात आणि दोघे मिळून ते नीट करतात. माझ्यावर कुणी काही टांगत नाही. माझा रंग उडाला, किडीने मला पोखरले. खोटे कशाला सांगू, दिवस जाता जात नाही. पण आतून दोघा भावांच्या गप्पा ऐकू आल्या की मी हरखून जाते.

मित्रांनो, दुसऱ्याची फजिती टांगायला तुमच्याही मनात एखादी खुंटी असेल, तर ती रिकामी राहू द्या. एकटे वाटते, पण लाज वाटत नाही.