बिनवासाची पूड

मित्रांनो, मी एक जुना स्प्रे ड्रायर आहे. नाव परकं वाटलं तर सोडून द्या. इथे मला सगळे 'बंब' म्हणतात. अंगाने उंच, पोटाने गोल आणि खाली नरसाळ्यासारखा निमुळता, म्हणजे पाणी तापवायच्या बंबाचा थोरला भाऊच! कारखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीशेजारी मी उभा असतो. पलीकडच्या दालनात छताला टेकेल एवढं नवं यंत्र आलं, तेव्हापासून माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही.

माझं काम ऐकाल तर गंमत वाटेल. मी वास वाळवतो. लिंबाचा, वेलचीचा, पुदिन्याचा वास म्हणजे भारी चंचल पाहुणा. बाटली उघडली की निघालाच. त्याला थांबवायचं कसं? आधी तो सूर्यफुलाच्या तेलात मिसळायचा. मग ते तेल डिंकाच्या पाण्यात घालून घुसळणीच्या यंत्रातून इतकं काढायचं, की तेलाचे थेंब डोळ्यांना दिसेनासे होतात आणि सगळं दुधासारखं पांढरं होतं. ते दूध माझ्या डोक्यावरच्या गरगर फिरणाऱ्या चकतीवर पडतं आणि तुषार होऊन पोटात उतरतं. पोटात गरम हवा. पाणी बघता बघता उडून जातं आणि थेंबांभोवती डिंकाचं कवच आवळलं जातं. खालच्या बरणीत पडते पांढरी पूड. वास आत, दार बंद. पुढे कुणाच्या तरी घरी, कपभर गरम पाण्यात ते दार उघडतं.

आणि हेच माझं दुःख आहे. माझं काम चोख झालं की खोलीला कसलाच वास येत नाही. खोली घमघमली तर समजायचं, कवचं नीट बसली नाहीत, माल उडून चाललाय. किती बागा माझ्या पोटातून गेल्या, पण एकीचाही दरवळ मला लाभला नाही. बंद पाकिटं घरोघर पोचवणाऱ्याला आतला मजकूर कुठे कळतो? तसंच माझं.

उमेदीच्या काळात माझे लाडही खूप झाले. मला चालवणारे मामा रोज सकाळी माझ्या पोटावर थाप मारून विचारायचे, "काय रे बंबा, जेवलास का?" पोटात काही टिकलं तर जेवणार ना! पण विचारणारं कुणीतरी होतं, हे काय कमी होतं? वासांच्या कामाला लागलेली ताई तेव्हा कोवळी पोर होती. माझ्याच शेजारी उभं राहून ती हे सगळं शिकली. मग तिचं लग्न झालं, लेक झाली, आणि ताई मोठ्या दालनात गेली.

एका सुट्टीच्या दुपारी ती अचानक आली. एका हातात छोटी काळी बाटली, दुसऱ्या हाताला लेक. लेकीला सगळे टिकली म्हणतात.

"साहेबांना विचारलंस ना?" मामांनी विचारलं.

"विचारलं. म्हणाले, जुना आहे, मोडला तरी चालेल."

मोडला तरी चालेल! मित्रांनो, मला कान नाहीत असं या लोकांना वाटतं.

ताईचे बाबा फळांच्या कारखान्यात संत्र्याच्या साली दाबून तेल काढायचे. टिकली जन्मायच्या आधीच ते गेले. त्यांच्या हातचं तेल आता या एका बाटलीत उरलं होतं.

"कामावरून आले की माझे गाल दोन्ही हातांत धरायचे," ताई लेकीला सांगत होती. "म्हणायचे, 'आता तू संत्रं.' मग झोपेपर्यंत मी संत्रं होऊन फिरायचे."

टिकलीने बाटलीला नाक लावलं आणि मुरडलं. "आई, रंगाच्या डब्यासारखा वास येतोय."

ताईचा चेहरा उतरला. संत्रं अजून होतं, पण त्याच्या कडेने शिळा वास चढत होता. आठवण आली की ती बाटली उघडायची, आणि दर वेळी आत हवा शिरायची. आता राहिलेलं तेल वाळवून कवचात घातलं नाही, तर टिकलीला आजोबांचा वास कधीच कळणार नव्हता.

तेल घुसळणीच्या यंत्रात गेलं आणि संत्र्याची एक लाट खोलीत आली. ताई कळवळली. "बास, मामा. एकदाच पुरे. बघा ना, किती उडतोय."

"अगं, आपण नेहमी तर पुन्हा एकदा..."

"पुरे म्हटलं ना!"

मामांनी बटण दाबलं. पंप सुरू झाला, दूध माझ्या डोक्यावर आलं. बघता बघता खोली अशी घमघमली की विचारू नका.

"अगं ताई, काय वास सुटलाय!" मामा हरखून म्हणाले. "बाबाच आले जणू!"

ताई डोळे मिटून उभी राहिली. तिच्या ओठांवर लहान मुलीसारखं हसू होतं. मला मात्र आतलं कळत होतं. थेंब जाडेभरडे राहिले होते. कवचं बसतच नव्हती. बाबा येत नव्हते, निघून चालले होते! ओरडायला मला तोंड नाही. मी नुसता थरथरत होतो.

तिने डोळे उघडले, दचकून. "मामा, पंप बंद करा! हा वास बाहेर कसा?"

पातेल्यात निम्मंच दूध उरलं होतं. ताईने ओठ घट्ट मिटले आणि ते पुन्हा घुसळायला घातलं. मग आणखी एकदा. वास उडत होता, डोळे वाहत होते, पण हात थांबला नाही. कधी नव्हे इतका जीव ओतून मीही काम केलं. हवा एकसारखी, चकती एकसारखी.

खोलीतला वास हळूहळू विरला. मग काहीच उरलं नाही.

"आई, आजोबा गेले?" टिकलीने हळूच विचारलं.

ताईने खालची बरणी काढली. बरणीच्या तळाशी मूठभर पांढरी पूड होती. तिला कसलाच वास नव्हता.

मामांनी स्वतःची चहाची वाटी विसळली, तिच्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी ओतलं आणि टिकलीपुढे धरली. "घाल गं चिमूटभर."

टिकलीने चिमूट सोडली. पाणी धुरकट झालं. आणि संत्रं उघडलं! झाडावरून आत्ता तोडल्यासारखं. कडेला रंगाच्या डब्याचा वास होता, नाही असं नाही, पण पुढे उभे होते आजोबाच. टिकलीने वाटीतल्या पाण्याने दोन्ही तळवे भिजवले, आईचे गाल धरले आणि म्हणाली, "आता तू संत्रं."

ताई तिच्यासमोर खाली बसली. लेकीचे ओले हात तिने गालांवर तसेच दाबून धरले होते.

त्या दोघी गेल्यावर मामांनी मला धुवायला घेतलं. एरवी तारेचा कोरडा ब्रश फिरायचा; आज कोमट पाणी, मऊ ब्रश. माझ्या भिंतीला पुडीचा एक पातळ थर चिकटून राहिला होता. पाणी त्याच्यावरून ओघळलं, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात संत्री उघडली. मामांनी माझ्या पोटाच्या दारातून डोकं आत घातलं, डोळे मिटले आणि विचारलं, "काय रे बंबा, जेवलास का?"

हो मामा, जेवलो.

आता मला भंगारात काढायचं चाललंय. जायला माझी ना नाही. फक्त जायच्या आधी मला तारेने खरवडू नका, कोमट पाण्याने हळुवार धुवा. काय सांगावं, कुठल्या सांदीत अजून एखादी बाग चिकटलेली असेल. आणि तुमच्या घरातही एखादी बाटली असेलच. तिला उघडून उघडून संपवू नका. वेळेवर नीट बंद करा, आणि उघडाल तेव्हा कुणाचे तरी गाल जवळ असू द्या.