सुभेदारांचा धूर

सुभेदार नाथाजींनी चाळीस वर्षं सिगारेट ओढली, पण घरात कधी काडी पेटवली नाही. निम्मी वर्षं तर सरहद्दीवरच गेली, आणि निवृत्त होऊन वडूजला आल्यावरही ते रानाच्या बांधावर जाऊनच झुरका मारायचे. म्हणून बायकोच्या, मनुबाईंच्या, पायाचं बोट काळं पडलं आणि सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी "घरात कोण ओढतं?" असं विचारलं, तेव्हा नाथाजींना रागच आला.

"मी वडतो. पर हिच्यापास्नं लांब."

"आजी, तुम्ही मिश्री लावता?"

"न्हाई बाई, तसलं काय बी न्हाई," मनुबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. साखर नाही, मिश्री नाही, तरी पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत आल्या होत्या, जन्मभर धूर ओढणाऱ्याच्या बुजाव्यात तशा. त्यांनी पावलावर रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र टेकवलं; नुसती खरखर आली. मग सहज म्हणून ते नाथाजींच्या पावलावर टेकवलं, तर भरल्या पाटाचं पाणी वाहावं तसा आवाज खोलीत घुमला.

"सुभेदार, विशीतल्या पोराच्या रक्तवाहिन्या आहेत तुमच्या," त्या हसून म्हणाल्या. नाथाजींना हसू आलं नाही.

दुपारी मनुबाईंना दाखल करून घेतल्यावर दवाखान्यामागच्या टपरीशी त्यांनी एक सिगारेट ओढली. चोराच्या मनात चांदणं, सारखं मागे वळून पाहत ओढली. वर आले तर मनुबाई पाय धरून बसलेल्या, आणि सकाळी चांगलं असलेलं शेजारचं बोट पांढरंफटक पडलेलं.

"कवापास्नं ह्ये?"

"आत्ताच. तुमी खाली गेलासा, तवा."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या, उद्या पाऊल काढावं लागेल. नाथाजी खाटेच्या कडेला बसले.

"मनू, खरं सांग. काय केलंस तू?"

"मी काय करनार? लग्नाची सुट्टी सपून तुमी पलटनीला निगाला, तवा तुमच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हनलं, ह्यांची समदी इडापिडा मला लागू दे." त्या लाजून हसल्या. "समद्याच बाया मोडत्यात की."

नाथाजींना स्वतःची शरम वाटली. चाळीस वर्षं मजेत धूर सोडला, आणि तो साठला हिच्या पायात. त्यांनी पाकीट केरात फेकलं. दोन्ही हात बायकोच्या तोंडावरून फिरवून बोटं आपल्या कानशिलावर दाबली. "हिची इडापिडा मला लागू दे." बोटं वाजेनात. जोर लावून पुन्हा दाबली, तेव्हा एक करंगळी बारीक वाजली.

ते डोळे पुसायला खिडकीकडे वळले आणि त्यांना खोकला आला, छातीच्या तळातून, जन्मात कधी आला नव्हता असा. खोकता खोकता त्यांना हायसं वाटलं.

तेवढ्यात मागे कडाकडा बोटं वाजली, आणि खोकला जागच्या जागी थांबला.