बेकरीवाल्याचा शेवटचा सदरा

मित्रांनो, चर्चच्या मागच्या खोलीत शिरताना दाराशी एक काळी, जड वस्तू तुमच्या पायाला लागते ना? परवा तुमच्यापैकी एकाने अंगठा ठेचून घेतला आणि मला ‘मेला धोंडा’ म्हटले. धोंडा नव्हे हो. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून हल्ली मला तिथे टेकवून ठेवतात. तेही कामच आहे, मी नाक मुरडत नाही. पण माझे खरे काम निराळे होते. तुमच्या वर्गाला अजून अवकाश आहे, तर ऐका.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. तळ घासून घासून आरशासारखा केला. वर बिजागरीचे झाकण, झाकणाला पितळेची कडी, अंगाला हवा खेळायला भोके आणि धरायला लाकडी मूठ. पोट मात्र रिकामे. मला घडवणाऱ्या कारागिराने मला हातात तोलले आणि शेजाऱ्याला म्हणाला, “आपलं काम लोखंडापुरतं. विस्तव काही हिचा हिला येणार नाही. तो बाहेरूनच घालावा लागतो.” मी नवी होते, चकचकीत होते. मला ते बोलणे जरा लागलेच.

याच चर्चच्या मागच्या गल्लीत एका इस्त्रीवाल्याचे दोन खोल्यांचे घर होते. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड. त्याने मला विकत आणले. पण तो बिचारा लवकरच गेला. मागे राहिल्या दोघी, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण. बहिणीने लग्न केले नव्हते. दोघी एकमेकींना वहिनी आणि वन्सं म्हणत. मीही त्यांना त्याच नावांनी ओळखते.

दुकान वहिनींनी चालवले. सकाळी चिमट्याने एकेक निखारा माझ्या पोटात ठेवायच्या, कडी लावायच्या आणि गल्लीत उभ्या राहून मला झोके द्यायच्या. माझी भोके लालबुंद होत. मग बोट जिभेला लावून माझ्या तळाला टेकवायच्या. चर्र झाले की म्हणायच्या, “चला बाई, उठलात एकदाच्या!” रविवारी वेदीवर जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे पाळक त्यांना देत. वहिनी ते फडक्यात बांधून माझ्या तळाला चोळत. त्यामुळे कुणाचा साधा पायजमा असला, तरी माझ्या वाफेला चर्चचा वास यायचा.

त्या घराची एक रीत होती. गल्लीत कुणी वारले की त्याच्या अंगावरचा शेवटचा कपडा वहिनी इस्त्री करून देत, आणि त्याचे काही घेत नसत. हातातले काम बाजूला ठेवत. टेबलावर स्वच्छ चादर अंथरत. त्या दिवशी मला फार हळुवार फिरवत, जणू त्या कपड्याच्या आत माणूस आहे.

आणि वन्संची कथा वेगळीच. त्या खिडकीजवळच्या स्टुलावर पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसत. अर्धेअधिक पाठ होते. उपासनेला पहिल्या बाकावर असत, आणि गीत म्हणताना सगळ्यांच्या एक पाऊल पुढे. काम म्हटले की त्यांचे गुडघे दुखायला लागत. प्रार्थनेला टेकताना मात्र तेच गुडघे अगदी ठणठणीत! दोघींची रोजची जुंपायची.

“वहिनी, कामं करून तारण मिळत नाही गं. ते कृपेनं मिळतं. आपण फक्त विश्वासानं हात पुढे करायचा.”

“असेल. पण कृपेनं कपडे वाळत घातलेले मी अजून पाहिले नाहीत. हात पुढे केलाच आहे, तर ती दोरी तेवढी ओढा.”

“म्हणजे तू इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन स्वर्गाच्या दारात उभी राहणार?”

“मग काय तुमच्यासारखी हात हलवत जाऊ?”

एकदा तर कमालच झाली. सणाचा आदला दिवस होता. वहिनी वेदीचे पांढरे वस्त्र इस्त्री करत होत्या, तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू गेले. “वन्सं, जरा धरा!” म्हणून मला त्यांच्या हातात देऊन त्या आत धावल्या. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा मला धरले. समोर प्रभूच्या मेजाचे वस्त्र पाहून त्यांचे मन भरून आले. त्यांनी मला त्या वस्त्रावर टेकवले, डोळे मिटले आणि आभाराची प्रार्थना सुरू केली. प्रार्थना मोठी होती. मला ओरडता आले असते, तर मी ओरडले असते. आमेन झाले तेव्हा वस्त्रावर माझ्या तळाचा तपकिरी छाप उमटला होता, अगदी टोकासकट.

वहिनींनी कपाळाला हात लावला. “वन्सं, विश्वास ठेवलात खरा, पण एकाच जागी ठेवलात!”

पाळक भले माणूस होते. त्यांनी त्या डागावर फुलदाणी ठेवली आणि पुढे ती कधी हलवली नाही. वन्संनी मात्र मला पुन्हा हात लावला नाही.

अशी वर्षे गेली. माझी मूठ वहिनींच्या तळव्याने गुळगुळीत झाली. मग त्यांचे हृदय थकले. पायांवर सूज आली, हात थरथरू लागले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले. दुकानाची फळी बंद झाली आणि मी कोनाड्यात गेले. मधले दार उघडे असायचे, म्हणून आतले सारे मला ऐकू यायचे. ज्यांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे त्या वहिनी गप्प झाल्या होत्या, हेच जास्त ऐकू यायचे.

एक दिवस त्या म्हणाल्या, “वन्सं, खरं सांगा. आजवर केलं ते पुरलं असेल का हो?”

वन्संनी लगेच वचन म्हणून दाखवले. कृपा, विश्वास, देवाचे दान. सगळे बरोबर होते.

“ते तुमच्यासाठी,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला सगळं पाठ आहे. मला नुसतं काम येतं. आता तेही हातून गेलं. उद्या त्याच्यापुढे उभी राहिले, तर दाखवू काय?”

वन्सं पुन्हा वचन म्हणू लागल्या, पण मध्येच थांबल्या. भिंतीशी बोलल्यासारखे त्यांनाच वाटले असावे. मित्रांनो, मरणाला वहिनी भीत नव्हत्या. आपल्याला दारातून परत पाठवतील, याला भीत होत्या.

त्याच आठवड्यात समोरचा बेकरीवाला वारला. मोठा तिरसट माणूस. माझ्या कोळशाचा धूर त्याच्या पावांवर जातो म्हणून तो रोज वहिनींच्या नावाने शंख करायचा. एकदा तर त्याने आमच्या दारात बादलीभर पाणी ओतले होते. चर्चची पायरी तो कधी चढला नाही, म्हणून वन्संही त्याच्या घराची पायरी चढल्या नव्हत्या. दुपारी त्याची मुलगी त्याचा सदरा घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते. वन्सं तिला दाराशी समजावू लागल्या, की वहिनी अंथरुणाला खिळल्या आहेत, आता ती रीत कुठली चालणार?

इकडे वहिनी उठल्या होत्या. भिंत धरत धरत आल्या, मुलीच्या हातातून सदरा घेतला, चादर अंथरली, मला कोनाड्यातून उतरवले आणि फिरवू लागल्या. कॉलर, मग खांदे, मग बाह्या. इतक्या वर्षांची सवय. हात अचूक फिरत होता. पण माझ्या पोटात विस्तव नव्हता. उठून येण्याच्या घाईत त्या निखारे घालायलाच विसरल्या होत्या. सदऱ्याची एक सुरकुती हलली नाही.

वहिनींनी पुन्हा फिरवले. मग त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी टेबलावर डोके टेकले.

“बघा वन्सं. नुसता हात फिरतोय. आत काही नाही.”

वन्संनी त्यांना धरून खुर्चीत बसवले. मला वाटले, आता वचन येणार. पण वन्सं त्या सदऱ्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, “वहिनी, या माणसानं तुझं कधी काही भलं केलं होतं?”

“यानं? शिव्याच घातल्या जन्मभर.”

“आता तरी काही देईल?”

“मेलेलं माणूस काय देणार, वन्सं?”

“मग त्याची लायकी तरी होती का, तू मरणाच्या दारातून उठून यावंस अशी?”

वहिनी चिडल्या. “लायकीचं काय घेऊन बसलात! माणूस शेवटचा निघालाय. त्याला आता स्वतःचं काही करता येत नाही. चुरगळलेला कसा जाऊ द्यायचा?”

वन्संचे डोळे भरून आले. “अगं, मग देवही तुझ्याबद्दल हेच म्हणतोय. मी इतकी वर्षं पाठ म्हणत आले ते हेच आहे. ही इथली सगळी माणसं तू फुकट नीटनेटकी करून पाठवलीस, आणि स्वतःच्या वेळेला मात्र मोल विचारत बसलीस?”

वहिनी आपल्या हातांकडे पाहत होत्या. मग त्यांनी ते दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, रिकामेच. इतक्या वर्षांत त्यांचे हात असे स्वस्थ पडलेले मी पहिल्यांदा पाहिले.

“फुकट?” त्यांनी विचारले.

“फुकट.”

“मला कुणी असं सांगितलंच नाही.”

“सांगितलं होतं की मी! रोज सांगत होते!”

“तुम्ही वचन सांगत होतात, वन्सं. सदऱ्याचं आज सांगितलंत.” वहिनींनी डोळे पुसले आणि एकदम जुन्या सुरात म्हणाल्या, “बरं, मग आता बसलात काय? त्या पोरीचा बाप खोळंबलाय. निखारे घाला.”

वन्सं उठल्या. चिमटा त्यांना नीट धरता येईना. एक निखारा पायाशी पडला, त्यांची एक बाही काजळली. गल्लीत मला झोके देताना त्यांना दम लागला. टेबलाशी आल्यावर त्यांचा हात घाबरला, कारण तो तपकिरी डाग त्या विसरल्या नव्हत्या.

“प्रार्थना करू की नको गं?”

“करा ना! पण हात फिरवत करा. आणि डोळे उघडे!”

मुलगीसुद्धा रडता रडता हसली. वन्संनी तशीच प्रार्थना केली. ओठ हलत होते आणि मी चालत होते. डाव्या बाहीवर एक घडी राहिली. वहिनींनी ती पाहिली आणि राहू दिली. सदरा घेऊन वन्सं स्वतः समोर गेल्या, पहिल्यांदाच ती पायरी चढल्या. दिवेलागणीला परतल्या तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि हाताला भांडी घासायच्या राखेचा वास होता.

वहिनी पुढे फार दिवस राहिल्या नाहीत, पण मजेत राहिल्या. खाटेवरून वन्संना हुकूम सोडायच्या. शेवटी म्हणाल्या, “हात हलवतच चालले हो, वन्सं. तुमच्यासारखी.” त्यांचा पांढरा पोशाख वन्संनी इस्त्री केला. वहिनींची ती सवय तुम्हाला आठवते ना, बोट जिभेला लावायची? वन्संनी बोट डोळ्याच्या कडेला लावले आणि मग माझ्या तळाला टेकवले. त्या पोशाखावर एकही डाग पडला नाही.

त्यानंतर गल्लीतली ती रीत वन्संनी चालवली. गुडघे खरेच दुखू लागले, तरी चालवली. त्यांची वेळ आली तेव्हा बेकरीवाल्याची मुलगी आली आणि तिने मला पेटवले. माझ्या पोटातला तो शेवटचा विस्तव. मग विजेच्या इस्त्र्या आल्या, हलक्या आणि गोऱ्यागोमट्या. मी कपाटात गेले, अडगळीत गेले, गंजले, आणि एक दिवस या दाराशी आले.

तुमच्या वर्गाच्या आजी येताहेत बघा, चष्मा शोधत. तीच ती मुलगी. त्या रोज येताना वाकून माझ्या मुठीला हात लावतात, आणि तुम्हाला वाटते त्यांची कंबर दुखते!

मित्रांनो, जमले तर माझा गंज पुसा आणि बिजागरीला तेलाचा एक थेंब द्या. झाकण उघडलेत तर आत चिमूटभर राख दिसेल, ती राहू द्या. त्या कारागिराचे बोलणे आता मला लागत नाही. विस्तव माझा नव्हताच, तो मला दिलेला होता. पण दिला होता तो बसून राहायला नव्हे. जिथे कुणी चुरगळले असेल तिथे फिरायला दिला होता.