मुलुंडचा शेवगा चेंबूरला

मित्रांनो, मी एक जुना शेवगा आहे. शेंगांचा नव्हे, त्या झाडाशी माझं काही नातं नाही. मी शिरवाळे पाडायचा लाकडी शेवगा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल, आणि पाहिलं असेल तर मोडकं स्टूल समजून पायाने बाजूला सारलं असेल. त्यात तुमची चूक नाही, मी दिसतोच तसा. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीही खात्री नाही. लाकडाला जेवढं कळलं तेवढं सांगतो.

माझा जन्म मालवणजवळच्या एका वाडीतला. वादळात पडलेला फणस सुताराने मांगराशेजारी, म्हणजे शेतातल्या खोपटाशेजारी, आणून टाकला, उन्हाळाभर सुकवला आणि मग मला कोरून काढलं. खाली बुटके पाय, मधोमध आरपार भोक, भोकाच्या तळाशी बारीक छिद्रांची पितळी चकती. वर एक लांब दांडा, आणि दांड्याला भोकात नेमका बसणारा लाकडी ठोकळा. पिठाचा उकडलेला गोळा भोकात घालायचा, दांडा अंगभर जोर लावून दाबायचा, म्हणजे खालून तांदळाच्या पांढऱ्या, नाजूक शेवया ताटात उतरतात. नारळाच्या रसात गूळ आणि वेलची घालून त्या खायच्या. आमच्याकडे यालाच शिरवाळे म्हणतात.

माझी एक अडचण मात्र तुम्हाला आधीच सांगायला हवी. मी एकट्या माणसाच्या कामाचा नाही. एकाने दाबायचं, दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. ताट फिरलं नाही तर शेवयांचा गोळाच होतो. दुसरी गोष्ट अशी, की उकडलेला गोळा पाण्यातून काढल्याबरोबर माझ्यात पडला पाहिजे. तो निवला की दगड होतो, आणि दगड दाबायचं बळ माझ्या अंगात नाही.

विमलाबाई लग्न होऊन मुंबईला निघाल्या तेव्हा त्यांच्या सासूने मला त्यांच्या बोचक्यात बांधलं. त्यांचे यजमान बाळा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडच्या एका लहान कारखान्यात लागले आणि घरही मुलुंडलाच झालं. दरवर्षी गावाहून नवा तांदूळ आला, की पहिल्या रविवारी शिरवाळे. ही त्या घरची रीत होती. आधी मला धुवायचं, चकतीला खोबरेल लावायचं, मग माझ्या कपाळाला, म्हणजे भोकाच्या कडेला, हळदकुंकू. कुंकू लावल्याशिवाय माझ्यात गोळा पडत नसे. पहिला घाणा देवापुढे, मग माणसांना.

सुरुवातीला विमलाबाई दाबत आणि धाकटी श्रुतिका ताट धरून बसे. "फिरय गो, फिरय! झोपलंस काय?" असं त्या ओरडत आणि पोरगी इतकं गरगर ताट फिरवी की शेवया भिंतीला चिकटत. पुढे विमलाबाईंचा खांदा धरला आणि जागा बदलल्या. श्रुतिका दाबू लागली, आई ताट फिरवू लागली. तिचा मोठा भाऊ नितेश कधी आमच्या वाटेला आला नाही. तो फक्त वाटी पुढे करी. बाळा पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "वाडीत इल्यासारखा वाटता." मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं होती.

मग बाळा गेले. आणि त्यानंतर एका दुपारी श्रुतिकाने आईला आणि भावाला समोर बसवून सांगितलं, की तिने इस्लाम स्वीकारला आहे.

मी तेव्हा ओट्याखाली होतो. नितेशने विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी केलंस तो."

"कोणी नाही. मीच वाचत होते, कितीतरी दिवस. मला पटलं."

यावर नितेश जास्तच भडकला. कुणी माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. बहिणीला आपलं आपणच काही पटलं, याला तो काय करणार? "बाबा गेले ते बरं झालं," तो म्हणाला. विमलाबाई उठून आत गेल्या आणि नळ सोडून भांडी घासू लागल्या. ती भांडी घासलेलीच होती.

श्रुतिका एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. तिने चेंबूरला भाड्याची खोली घेतली. नाव तिने बदललं नाही. नमाज पढायची, रोजे धरायची, आणि आईला फोन करायची. आई फोन उचलायची आणि काही न बोलता ऐकून ठेवून द्यायची.

त्या वर्षी नवा तांदूळ आला तेव्हा श्रुतिका नारळ घेऊन मुलुंडला आली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. विमलाबाईंनी "ये" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. पाणी उकळलेलं होतं, गोळे शिजत होते. श्रुतिकाने मला ओढून बाहेर काढलं, धुतलं, चकतीला तेल लावलं. मला वाटलं, झालं सगळं ठीक. लाकडाला लवकर आशा वाटते.

विमलाबाईंनी गोळे ताटात काढले आणि कुंकवाचा करंडा पुढे सरकवला. "लाव."

"आई, कुंकू मी नाही लावणार."

"का? हात झडतील?"

"मी आता एका अल्लाशिवाय कुणाची पूजा करत नाही. तुला सांगितलंय मी."

"शेवग्याची पूजा कोण करता? रीत आसा ती घराची."

"मग ती तू कर ना. मी दाबते. दाबायचं तर मला कुणी सोडायला सांगितलं नाहीये."

"ज्या हाताला कुंकू जड झालं, तो हात माझ्या शेवग्याला नको."

बाहेरच्या खोलीतून नितेश आला. "भारी आहे हां हिचं! देव नको, कुंकू नको, शिरवाळे तेवढे पाहिजेत. हॉटेल आहे काय?"

"नितेश, मी आईशी बोलतेय."

"माझ्याशी कधी बोलणार मग? कुडाळवाल्यांनी माझ्या लग्नाला नाही म्हटलं, माहीत आहे ना? ज्या घरातली मुलगी बाटली तिथे आम्ही मुलगी देत नाही, असं तोंडावर सांगितलं त्यांनी मला. तुझ्यापायी माझी वाट लागली, यार. आणि तू इथे रस प्यायला आलीस."

श्रुतिकाचा चेहरा उतरला. "त्याचं मला वाईट वाटतं रे. खरंच वाटतं. पण नाही ते म्हणाले, मी नाही."

"बघितलंस आई? वर तोंड करून बोलते!"

ते तिघे बोलत राहिले आणि ताटातले गोळे निवत राहिले. मला ते दिसत होतं. पण मला तोंड कुठे आहे? कुणाच्या मागे कोण रडलं, कुणी कुणाला किती दिवस तोंड दाखवलं नाही, सगळं निघालं. शेवटी विमलाबाईंचं लक्ष गेलं. "अगो बाये, गोळे थंड झाले!"

"कुणाचं काही अडत नाही हिच्याशिवाय," असं म्हणून नितेशने बहिणीला बाजूला सारलं, थंडगार गोळा माझ्यात कोंबला आणि दांड्यावर सगळं वजन टाकलं. या घरात वाढलेला माणूस, पण शेवग्याला निवलेला गोळा चालत नाही एवढं त्याने कधी पाहिलं नव्हतं. श्रुतिका "नको, नको" म्हणते आहे तोवर माझा दांडा उभा तडकला.

नितेशने दांडा सोडून दिला.

"अपशकुनी," नितेश म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता.

विमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मुलीकडे. "उचल तो. घेऊन जा तुझ्याकडे. तुझ्यासारखोच मोडलो हा."

"मी मोडलेली नाहीये, आई."

विमलाबाईंनी पाठ फिरवली. श्रुतिकाने मला गोणपाटात गुंडाळलं आणि मी मुलुंड सोडलं.

तिने मानखुर्दच्या एका सुताराकडून माझ्या दांड्याला लोखंडी पट्टी मारून घेतली. दिसायला वाईट, पण पक्की. चेंबूरच्या त्या खोलीत मी खिडकीखाली राहू लागलो. शेजारी नफिसाआपा राहत. मूळच्या रत्नागिरीकडच्या, मराठी आपल्यासारखंच बोलणाऱ्या. श्रुतिकाला नमाज त्यांनीच शिकवली होती, ती तापाने पडली तेव्हा तिच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण मला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे लाल काय आहे गं याच्यावर?"

"कुंकू. जुनं आहे, लाकडात मुरलंय. घासलं मी, जात नाही."

"पूजेचं लाकूड आणलंस घरात?"

"शेवया पाडायचं आहे, आपा."

"शेवया दुकानात मिळतात. हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते. एवढं सगळं सोडून आलीस, लोकांच्या शिव्या खाल्ल्यास. आता हे एक लाकूड घेऊन बसलीस तर तेच लोक म्हणतील, हिचं मन अजून तिकडेच आहे."

"मन इथेच आहे, आपा. जिभेचं काय करू? ती मालवणचीच आहे."

"जिभेला पण वळण लावावं लागतं," असं म्हणून आपा गेल्या. श्रुतिकाने त्यांना पुढे एकदा ताट धरायला बोलावलं, तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हटलं.

मग तिने एकटीने करून पाहिलं. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने ताट. मी कलंडलो, गोळा अर्धा आत, अर्धा बाहेर. जे काही तुकडे पडले ते तिने रसात बुडवून खाल्ले. मला फार शरम वाटली. त्यानंतर ती मला पुसायची, पण गोळा घालायची नाही.

वर्ष फिरलं. एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात विमलाबाई, हातात तांदळाच्या पिठाची पिशवी.

"शेवगो न्यायला आले," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "नवा तांदूळ आलाय. चकलीच्या सोऱ्याने करून बघितलं, चिखल झाला."

"आत ये ना."

"तुझ्या घरचं पाणी पण नको माका. शेवगो दी."

"नितेशला माहीत आहे?"

"त्याका विचारून येऊक मी काय त्याच्या पोटची?"

श्रुतिका हसली. आईला ते आवडलं नाही. "देते," श्रुतिका म्हणाली, "पण तिकडे दाबणार कोण? तुझा खांदा? की नितेश, मागच्यासारखा?"

विमलाबाईंनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. मग त्या म्हणाल्या, "पाणी ठेव उकळायला."

त्यांनी पीठ स्वतः मळलं, नारळ श्रुतिकाने खवला. एकमेकींच्या मध्ये हातभर जागा ठेवून दोघी काम करत होत्या. गोळे उकळून वर आले तसा विमलाबाईंनी कमरेचा बटवा सोडला. त्यात कुंकू होतं.

"आई, माझ्या घरात नको."

"शेवगो माझो आसा."

"घर माझं आहे."

विमलाबाईंनी दुखऱ्या खांद्याने मला फरफटत उंबऱ्याबाहेर नेलं आणि सार्वजनिक गॅलरीत बसून माझ्या कपाळाला बोट टेकलं. नफिसाआपांचं दार उघडलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी मान हलवली नाही, कुणी हसलं नाही. दार बंद झालं.

मला परत आत ओढल्यावर श्रुतिकाने ओलं फडकं घेतलं आणि ते कुंकू पुसून टाकलं.

"पुसलंस?" विमलाबाई जवळजवळ किंचाळल्या.

"लावल्याशिवाय गोळा घालायचा नाही, ही रीत ना? तू लावलंस. पुसायचं नाही, असं तुला कुणी सांगितलं होतं?"

विमलाबाईंना सासूचं तसं काही सांगणं आठवेना. "बोलण्यात बापावर गेलंस, मेले," त्या एवढंच म्हणाल्या. गोळा पाण्याबाहेर येऊन वाफाळत होता. तो कुणासाठी थांबणार नव्हता. त्यांनी पदर खोचला, ताट घेतलं आणि माझ्या पायांशी बसल्या.

श्रुतिका हळूच 'बिस्मिल्ला' म्हणाली. विमलाबाईंचा चेहरा आवळला, पण ताट हलायला लागलं होतं. दांड्यावर जोर पडला. पट्टी कुरकुरली, तुटली नाही. माझ्यातून शेवया उतरल्या, लांब, अखंड. "सावकाश गो, रेडा आसा काय अंगात?" "तू नीट फिरव आधी." एवढंच काय ते बोलणं.

पहिला घाणा विमलाबाईंनी आपल्या डब्यात भरला, घरच्या देवापुढे ठेवायला. दुसरा श्रुतिकाने वाटीत घेतला. विमलाबाईंनी तिथे घास खाल्ला नाही. डबा पिशवीत ठेवून त्या उठल्या.

"शेवगा खाली रिक्षापर्यंत आणून देऊ?" श्रुतिकाने विचारलं.

विमलाबाईंनी मला उलटं करून पाहिलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. "राहू दे हंयच. पुढच्या वर्षी तांदूळ आला की येईन. तोवर तेल लाव त्याका. कीड लागली तर तुझं तोंड बघणार नाही."

"आता तरी कुठे बघतेस?"

विमलाबाई जिना उतरल्या.

मित्रांनो, त्या दोघींमध्ये बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी लाकूड आहे, तो माझा अधिकारही नसावा. कुणी कुणाला माफ केलं असंही मी सांगणार नाही, कारण मी ते पाहिलं नाही. माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरातही दोघांशिवाय न चालणारी माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. रागाच्या भरात ती भंगारात देऊ नका, आणि आपण एकटेच ती चालवू असंही म्हणू नका. तिला कोरड्यात ठेवा, अधूनमधून तेल लावा. भांडण मिटलं नसेल तर तसंच घेऊन या. पण पाणी उकळलं, की दोघं जण या.