खुर्चीवर टाकलेला कोट

मित्रांनो, कोट कधी बोलतो का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण ज्या कपड्यानं डोंगरातल्या गावोगावच्या आजाऱ्यांचे खोकले छातीवर झेलले, त्याला सांगण्यासारखं काही असणारच की. डॉक्टरचा पांढरा कोट आहे मी. पांढरा म्हणायचं ते आता आपलं नावाला. कॉलर पिवळी पडली आहे, एका खिशाची शिवण उसवली आहे आणि खालचं बटण कुठं गेलं ते त्या बटणालाच माहीत. माझ्या तरुणपणी मात्र मला बघायला हवं होतं तुम्ही!

तेव्हा जव्हार हे संस्थान होतं. राज्य राजाचं आणि दवाखानाही राजाचा. पेठेतल्या एका शिंप्यानं जाड ड्रिलच्या कापडातून मला बेतलं आणि शिंपल्याची बटणं लावली. डॉक्टर दिघ्यांनी मला अंगात चढवून आरशात पाहिलं, तेव्हा शिंपी म्हणाला, "साहेब, आता निम्मा आजार नुसता कोट बघूनच पळेल." खोटं कशाला सांगू, ते ऐकून मी फुगलो. खळ आणि इस्त्री असल्यावर ताठा यायला कितीसा वेळ लागतो?

पण दिघे डॉक्टरांनी माझा ताठा फार दिवस टिकू दिला नाही. ते खुर्चीत बसणारे नव्हतेच मुळी. हिवतापाच्या दिवसांत पायवाटेनं पाड्यापाड्यांवर जात, चुलीच्या धुरात उकिडवे बसून आजाऱ्याची नाडी बघत. माझ्यावर औषधाचे डाग पडले, नागलीच्या पेजेचे पडले, कुणाकुणाच्या लेकरांनी तर नको तेही केलं. साखरशेतची एक म्हातारी, सुकी तिचं नाव, माझी बाही धरून म्हणाली होती, "डाक्तर, तू आलास ना, मग मी नाय मरायची." आणि ती खरोखरच जगली. ते माझे सोन्याचे दिवस होते. माझ्या आत माणूस होता ना!

पुढं संस्थान विलीन झालं. झेंडा बदलला, कचेऱ्या बदलल्या. संस्थानातली बरीच नोकरमाणसं आपापल्या गावी निघून गेली. उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट काम आलं. दिघे डॉक्टरांना मोखाड्याच्या बाजूच्या एका लहान गावातला दवाखाना दिला. दोन खोल्या, पुढं पडवी, मदतीला एक कंपाउंडर आणि एक नर्स. पण जव्हारलाही डॉक्टर कमीच होते, त्यामुळं तिथून सारखं बोलावणं यायचं. एकदा असेच घाईनं निघाले. जव्हारला त्यांनी नवा कोट शिवून ठेवला होता. मला खुर्चीच्या पाठीवर टाकून कंपाउंडरला म्हणाले, "सखा, हा राहू दे इथंच. मी सोमवारी येतोच आहे." ते सोमवारी आलेही. पुढं पुढं त्यांचे सोमवार चुकायला लागले.

आता या भागातली एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आठवड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, खळ्यावर, माणूस मध्येच उठला की डोक्याचं फडकं आपल्या जागेवर ठेवून जातो. मग त्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. फडकं आहे म्हणजे माणूस इथंच कुठं तरी गेलाय आणि परत येणार आहे. कुणाला विचारावं लागत नाही. त्या फडक्याचा शब्द कुणी मोडत नाही.

खुर्चीवर मला बघून पाड्यावरची माणसं तशीच शांतपणे पडवीत बसायला लागली. "कोट हाय, डाक्तर येल." सखानं ते हेरलं. कोट नसला की माणसं निराश होऊन निघून जातात, कोट असला की मिक्श्चर घेऊन थांबतात. मग तो मला रोज झटकून खुर्चीवर घालायला लागला. सखा वाईट नव्हता हो. उलट त्या दवाखान्यावर त्याचा फार जीव होता. त्याच्या मनात एकच भीती होती, डॉक्टर नाही असं वर कळलं तर हा दवाखानाच उचलून दुसरीकडे नेतील.

दवाखान्यावर देखरेख ठेवायला गावातल्याच माणसांची एक कमिटी नेमली होती. थंडीत आजार वाढतो, म्हणून त्याआधी तिनं येऊन माणसं पुरेशी आहेत का ते बघायचं आणि वर कळवायचं. चेअरमन होते गवताचे व्यापारी धोंडूशेट, आणि सभासद होत्या शाळेतल्या चंद्रकलाबाई. कमिटी यायची म्हटलं की सखा मला धुवून, खळ घालून ठेवायचा. धोंडूशेट दारातून आत डोकावत.

"डॉक्टर?"

"फिरतीवर आहेत, शेट."

"कोट आहे ना? मग झालं. लिहा बाई, डॉक्टरची जागा भरलेली आहे."

शेटही दवाखाना जाऊ नये म्हणूनच असं लिहवून घेत. आणि ते लिहिलेलं वाचून वर कुणी म्हणायचं, तिथं जागा भरलेली आहे, मग दुसरा डॉक्टर कशाला? अशी माझ्या जिवावर ती जागा भरलेली राहिली. मला मात्र खळीच्या त्या कडकपणाचा अभिमान वाटेनासा झाला होता.

आणि मग फ्लूची ती साथ आली. सगळ्या जगात फिरत होती म्हणे. इकडं ती आणली गवत कापायला खाली गेलेल्या माणसांनी, अंगात ताप घेऊनच ती घाट चढून परत आली. पौषाची थंडी, अंगावर पुरतं पांघरूण नाही, एका झोपडीत शेकोटीभोवती सगळं घर आडवं. बघावं तिकडं खोकला. दवाखान्याची पडवी माणसांनी भरून गेली. नर्सबाई आजारी पडून माहेरी गेल्या. जव्हारहून निरोप आला की, दिघे डॉक्टरही तापानं अंथरुणाला खिळले आहेत, कधी उठतील सांगता येत नाही. तो निरोप सखानं ऐकला, मीही ऐकला. तिसऱ्या कुणाला तो कळला नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दाभोसा गावाकडून नवशा आला. बांबूला घोंगडी बांधून त्यानं आणि त्याच्या भावानं, तुकानं, रखमीला खांद्यावरून आणलं होतं. रखमी नवशाची बायको. अंग फणफणलेलं, श्वास घेताना बरगडी आत ओढली जात होती. ती पडवीत टेकली आणि दारातून तिची नजर माझ्यावर पडली.

"कोट धुतलेला हाय," ती हळूच म्हणाली. "आज डाक्तर येल बघा."

धुतलेला होता, कारण साथीमुळं दुपारी कमिटी पुन्हा यायची होती.

तेवढ्यात रस्त्यावर लाकडाची लॉरी थांबली. ड्रायव्हर पाणी प्यायला पडवीत आला. रखमीकडे बघून म्हणाला, "मी जव्हारला चाललोय. मोठ्या दवाखान्याशी उतरवतो हिला. घाला गाडीत."

तुका लगेच उठला. "दादा, जाऊ या ना!"

नवशानं आधी माझ्याकडं बघितलं, मग सखाकडं. "भाऊ, डाक्तर येल ना? नायतर जातो आम्ही."

मित्रांनो, त्या वेळी मला जीभ असती तर मी ओरडलो असतो, जा रे बाबांनो, उचला तिला आणि जा! मला बाह्या होत्या, त्यांत हात नव्हते. सखानं ओठ चाटले. कमिटी यायची होती. पडवीभर माणसं ऐकत होती.

"फिरतीवर आहेत," तो म्हणाला. "कोट इथंच आहे त्यांचा."

"मग थांबतो," नवशा म्हणाला. "लॉरीत हादरे बसतील तिला. डाक्तर आला आणि आम्ही नसलो, असं नको."

लॉरी निघून गेली. सखानं रखमीला मिक्श्चर दिलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, पुन्हा पुन्हा येऊन बघून गेला. त्याच्या हातात होतं तेवढं सगळं त्यानं केलं, फक्त खरं बोलला नाही. दुपारी कमिटी आली. चंद्रकलाबाई रखमीपाशी थबकल्या. "शेट, डॉक्टर नक्की आहेत कुठं?" त्यांनी विचारलं.

"बाई, आजाऱ्यांसमोर कशाला? माणसं घाबरतील. कोट आहे की," शेट म्हणाले आणि पुढं गेले. बाई गप्प राहिल्या. गप्प राहिल्याचं त्यांना जन्मभर लागून राहिलं.

दिवेलागणीला बाई घरून पेजेचं भांडं घेऊन परत आल्या, तेव्हा रखमीचा श्वास थांबत थांबत चालला होता. नवशानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "आलाच बघ आता," तो तिला सांगत होता. पेज तशीच राहिली. रखमी गेली.

नवशा रडला नाही, ओरडला नाही. आत आला आणि खुर्चीसमोर उभा राहिला. सखा भिंतीला टेकून उभा होता. "नवशा, डॉक्टर स्वतःच आजारी आहेत रे," तो कसाबसा म्हणाला. "ते यायचेच नव्हते. मला माहीत होतं."

नवशानं मला खुर्चीवरून उचललं. मला वाटलं, आता हा मला टराटरा फाडणार. फाडलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं माझी नीट घडी केली आणि मला सखाच्या हातात दिलं.

"जो येणार नाय, त्याचं फडकं ठेवू नये, भाऊ," तो म्हणाला. "आम्ही त्याच्यासाठी थांबलो ना."

सखा मला छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. त्याची सगळी आसवं माझ्या खळीत मुरली.

सकाळी चंद्रकलाबाई मला काखेत मारून मोखाड्याच्या कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "पण बाई, तुमच्याच कमिटीनं कळवलंय, जागा भरलेली आहे." बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "ही बघा आमची भरलेली जागा," त्या म्हणाल्या. साहेबांनी कागद पुढं ओढला आणि डॉक्टर पाठवा म्हणून वर लिहिलं.

होळीच्या सुमाराला नवा डॉक्टर आला. चांगला होता, तरुण होता, त्याचा स्वतःचा कोट होता. पण तोवर साथ ओसरली होती. जे जायचे ते गेले होते. एवढीशी गोष्ट, डॉक्टर नाही म्हणून खरं सांगायची, ती थंडीच्या आधी कुणी सांगितली असती तर रखमी आज नातवंडांना रागावत बसली असती. हे मनात आलं की माझी शिवण न् शिवण दुखते.

बाईंनी मला परत दवाखान्यात नेलं नाही, शाळेच्या पेटीत ठेवलं. संमेलनात कुणी ना कुणी डॉक्टर होतो आणि मला घालतो. बाह्या लांब होतात, सगळे हसतात, मलाही बरं वाटतं.

तर मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या खरोखर डॉक्टर होईल, कुणी मास्तर, कुणी कमिटीत बसेल. मला कितीही मळवा, फाडा, डाग पाडा, माझी तक्रार नाही. फक्त निघताना मला अंगावर घेऊन निघा. खुर्ची रिकामी असली तर रिकामी दिसू द्या. रिकामी खुर्ची बघून माणूस निदान दुसऱ्या दारी तरी जातो.