गिनतीची जोडी

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या दत्तोबानं एकदा अख्खी एसटी उकिडवी बसवली होती. कंडक्टरसकट. ड्रायव्हर तेवढा सुटला, नाहीतर गाडी कोण चालवणार?

हे मी मोशीत, शाळेसमोरच्या यशवंतरावाच्या चहाच्या टपरीवर सांगत होतो. शाळेत मतदान चाललेलं. पाच वाजून गेलेले, साडेपाचला फाटक बंद. माझा चौथा कप, आणि बूड काही बाकाला टिकेना.

"बसवली कशी पण?" यशवंतराव गाळणं झटकत म्हणाला.

"अरे, दत्तोबा तेरा महिने आत होता. निघोज्याला एका कंपनीच्या गेटवर संप झाला, काच फुटली, आणि दगड म्हणे यानं मारला. दगड काही सापडला नाही, दत्तोबा सापडला. आत रोज गिनती. नाव पुकारलं की जोडीजोडीनं उकिडवं बसायचं, मान खाली. इतक्या गिनत्या झाल्या राव, की भिंतीवरचे कावळेसुद्धा जोडीनं बसायला लागले. एखादा एकटा उरला, तर उडून जायचा दुसऱ्या तुरुंगात, जोडीदार शोधायला."

"काहीही, आबा!"

"ऐक तर. निर्दोष सुटला. राजगुरुनगरच्या कोर्टातून घरी निघाला, तर एसटीत कंडक्टर माणसं मोजायला लागला. झालं! दत्तोबा खाली. त्याला बघून शेजारचा खाली. मग सगळी गाडी. तेव्हापासून सरकारी पाकीट आलं की तो चिमट्यानं उचलतो. शिरगणतीवाला आला, तर हाच आतून ओरडला, 'या घरात कुणी राहत नाही!'"

यशवंतराव खो खो हसला. माझं लक्ष शाळेच्या फाटकाकडं. तिकडून माझी नात मिनल येत होती. तिचं पहिलंच मतदान. बोटाला शाई नव्हती. ती येऊन बाकाशी उभी राहिली, तसं मी घाईनं पुढं रेटलं.

"आणि मतदानाला गेला ना, तर टेबलावरच्या बाईनं नाव मोठ्यानं वाचलं, नंबरासकट. दत्तोबा तिथंच उकिडवा! सगळे हसले. पण गडी उठला, बटण दाबलं, आणि त्याच्या एका मतावर उमेदवार निवडून आला. साहेबानं हार घातला हार!"

"आबा," मिनल म्हणाली, "दत्तोबा म्हणून कुणी नाहीच."

मी कपात बघितलं. कप रिकामा होता.

"खाली तुम्ही बसला होतात. आज दुपारी, रांगेत माझ्यापुढं. आणि मत न देता निघून आलात. मीही नाही दिलं, तेव्हापासून फाटकात उभी आहे." तिनं माझी चुरगळलेली मतदानाची चिठ्ठी पुढं धरली. "बारा मिनिटं राहिलीत. चला. नाव ऐकून पुन्हा बसावंसं वाटलं, तर बसा. मी बसते शेजारी. जोडी लागते ना गिनतीला?"