तेविसावा जोड

सकाळचे सात वाजले तरी लांगीचे पाय एका जागी ठरत नव्हते. गराजच्या दारापासून शिवणयंत्रापर्यंत, तिथून परत दारापर्यंत. नऊला आईला शेवटचं घेऊन चर्चला निघायचं होतं. घरच्या बावीस माणसांचे कपडे काळ्यावर पांढऱ्या फुलांच्या एकाच ताग्यातून शिवून झाले होते आणि लांगीच्या हातात शर्ट आला होता.

"बसत नाही का?" फुआटिनो मावशीनं विचारलं.

"बसतो. पण सगळ्या बायकांना पुलेतासी, झगा आणि खाली लांब घागरा. मग मला शर्ट का?"

मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला. "का म्हणजे? भर रविवारच्या जेवणात 'मी बाई नाही' असं कोण म्हणालं होतं? माझ्या हातातून तारोच्या कंदांचं पातेलं सुटायचं राहिलं."

"पुरुष नाही, हेही सांगितलं होतं मावशी."

"मग मधलं काय शिवू? त्याचं माप नाही माझ्याकडे."

इस्त्री करणारा मावसभाऊ तावीता हसला. "शर्ट मला दे लांगी. माझं पोट दोन शर्टांचं आहे."

"तू गप रे." मावशी लांगीकडे वळली, तिचा आवाज खाली आला. "तुझ्या आईनंच बजावलं होतं मला. लांगीला विचारल्याशिवाय झगा शिवू नकोस."

"मग विचारलं का नाहीस?"

"पाच दिवसांत बावीस जणांचं शिवलंय. विचारायला वेळ कुठला?"

लांगीनं शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली. त्या रविवारनंतर वर्षभर अंगावर शर्टच होते, लोकांचा विश्वास बसावा म्हणून. दुसऱ्याच कुणाच्या घरात राहिल्यासारखं ते वर्ष गेलं. मग एका सकाळी पेटीतला फुलाफुलांचा झगा बाहेर निघाला. आईनं काही विचारलं नाही. "श्वास आत घे," म्हणत तिनं मागची चेन ओढली होती. झगा घालूनही आपण बाई नाही, हे समजावून सांगावं न लागलेलं ते एकच माणूस. आज पुलेतासी घातली की चर्चभर एकच बोलणं होणार: आई गेली आणि पोर ताळ्यावर आली.

तरीही शर्ट टेबलावर ठेवला गेला.

"मावशी, आईला मी शर्टात पोचवणार नाही. आणि मी जे सांगितलं होतं, तेही परत घेणार नाही."

"कापड संपलंय, बाळा." मावशी उगाच कपड्यांच्या चळतीशी चाळा करत राहिली. मग तळातून एक जोड ओढून तिनं तो पटकन छातीशी धरला. "हा तेविसावा. माप तोंडपाठ होतं. शिवून झाल्यावर कळलं, कुणाचं शिवलं ते."

तावीतानं इस्त्री उभी करून ठेवली.

पुलेतासी लांगीच्या कमरेला चार बोटं सैल झाली. मावशीनं तोंडात टाचण्या धरून कात्री उचलली.

"कापू नकोस. आतच दुमड."

"टोचेल दिवसभर."

"टोचू दे."

"आणि कुणी विचारलं तर? मला नाही बाई ते समजावता येत."

"समजावू नकोस. लांगीनं आईचं घातलंय, एवढंच सांग."

"हं." मावशीनं टाचणी खुपसली. "आता निदान हलू नकोस."

पण लांगीचे पाय हलतच होते.